बलस्थानांचा अहवाल हातात, पण अभ्यास जागचा हलत नाही

प्रश्न (नवा सल्लागार): प्रथम वर्षाच्या मुलांची क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स (बलस्थानं क्रमानं सांगणारी प्रश्नावली) चाचणी घेतली. ३४ पैकी पहिली पाच बलस्थानं कळली की मुलं खूश होतात, पण पुढच्या भेटीत "मग काय केलंस?" विचारलं की गप्प. दोन विषयांत नापास असलेल्याशी तर हा विषय काढायलाही संकोच वाटतो. अर्ध्या तासात नेमकं काय करावं?

उत्तर (सदस्य 'आकडेमोड'): अहवालापासून सुरुवातच करू नका. त्या चाचणीत १७७ विधान-जोड्या, प्रत्येकीला २० सेकंद. मुलानं स्वतःविषयी जे सांगितलं तेच त्यातून परत येतं, कौशल्य मोजलं जात नाही. पहिली दहा मिनिटं त्यानं तडीस नेलेल्या एकाच कामावर घालवा. "तुझ्यात चांगलं काय?" विचारलं तर लाजतात, नाहीतर पाठ केलेलं बोलतात. "बरा गेलेला एक पेपर सांग, त्याच्या आदल्या आठवड्यात काय काय केलंस?" असं विचारा. मग "दुसऱ्याला समजावताना मलाच कळत गेलं" असं काहीतरी हाती लागतं. ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि अडलेला विषय पुढ्यात ठेवा. संख्याशास्त्रात हे कुठे वापरशील? उत्तर इतकं बारीक हवं: बुधवारी तिसऱ्या प्रकरणातली दोन गणितं गटाला फळ्यावर सोडवून दाखवेन. वार, काम, कोणासमोर. यातलं एक जरी ठरवलं नाही तर काम राहून जातंच.

उत्तर (सदस्य 'फळा-खडू'): नापासांच्या बाबतीत आधी गुणपत्रिका आणि फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत. भिडेपोटी हे टाळणं म्हणजे नुसतं गोड बोलणं. बीजगणिताचा पाया कच्चा असेल तर तो भरावाच लागतो. कसा भरायचा एवढंच बलस्थानावरून ठरवा. शिवाय तेच बलस्थान नडतं कुठे, तेही विचारा. अहवालात 'जबाबदारी' हे बलस्थान वरच्या क्रमांकावर असलेली मुलं गटाचं सगळं काम अंगावर घेतात आणि स्वतःचा प्रकल्प बुडवतात. 'शिकण्याची ओढ' असलेला वाचतच बसतो, निबंध काही जमा होत नाही.

वाचक: क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्ससाठी पैसे नसतील तर स्वभावातल्या चांगल्या गुणांची व्हीआयए चाचणी मोफत आहे. तिच्यात २४ गुणांचा क्रम लागतो. तळातले गुण म्हणजे उणिवा असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. आणि कुठल्याही चाचणीवरून शाखा निवडून देऊ नका!

नवा सल्लागार: "माझं काहीच धड गेलं नाही" म्हणाला तर?

आकडेमोड: कॉलेजबाहेरचं विचारा. अर्धवेळ नोकरी, लहान भावंडांचा अभ्यास, संघातला खेळ. तिथेही "काय केलंस" हाच प्रश्न, क्रमवार. तरी काही निघालं नाही तर ओढूनताणून काढू नका. छोटं काम द्या आणि ते कसं केलं यावर पुढची भेट ठेवा.