कारखान्यातली फोर्जिंग की गावचा लोहार?

शिवारकर
बाजारात स्वस्त कोयती-खुरपी यायला लागल्यापासून लोक म्हणतात, लोहाराची गरज संपली. मला हे अजिबात पटत नाही. नवं औजार विकत मिळेल, पण झिजलेला फाळ शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा टोक काढून, कोण देणार? पेरणीआधी आमच्याकडे लोहारापाशी फाळ, कुळवाच्या पासा, पहारींचा ढीग पडतो. काळ्या रानाची पास वेगळी, मुरमाडाची वेगळी. डावखुऱ्याच्या विळ्याला धार उलट्या अंगाने लागते. लोहार गिऱ्हाईक आणि रान बघून घडवतो. कारखान्यातली डाय, म्हणजे पोलादी साचा, एकदा कापली की तिच्यातून सगळे नग सारखेच निघणार. शेतीच्या औजारांना लोहारच सरस.

डायशॉप
ठाम असहमत. मी फोर्जिंगमध्येच, म्हणजे तापलेलं पोलाद यंत्राने दाबून घडवण्याच्या कारखान्यात, काम करतो. क्रँकशाफ्टचं (इंजिनातल्या मुख्य दांड्याचं) बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, १२०० अंशांच्या आसपास तापवून प्रेसखाली डायमध्ये दाबतात, कडेची फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर आलेलं जादा पोलाद, कापतात, मग हार्डनिंग (तापवून एकदम थंड करून कडक करणं), टेंपरिंग (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं), हार्डनेसची म्हणजे कडकपणाची तपासणी, भेगांसाठी मॅग्नाफ्लक्स ही चुंबकाने भेग दाखवणारी चाचणी. पोलाद कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं, याची नोंद असते. पुण्याच्या मुंढव्यातली भारत फोर्ज ही फोर्जिंग कंपनी १९६१ साली स्थापन झाली. ट्रकचे ॲक्सल इथे बनतात ते या शिस्तीवर. लोहाराचं पोलाद म्हणजे भंगारातला कमानपाटा, गाडीच्या स्प्रिंगची पट्टी. त्यात आधीच भेग असली तर कळणार कसं? पाणी, म्हणजे तापलेली धार बुडवून आणलेला कडकपणा, जास्त बसलं की कोयता तडकतो, कमी बसलं की धार वळते. नुकसान शेतकऱ्याचं.

शिवारकर
ॲक्सल लोहाराने करावा असं मी कुठे म्हटलं? आणि स्वस्त खुरपी बरीचशी पत्र्यातून कापलेली असतात, त्यांचा तुमच्या फोर्जिंगशी संबंधच नाही. कमानपाटा स्प्रिंगचं पोलाद आहे, कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर, म्हणून तर पाणी धरतो. चांगला लोहार धारेला पाणी देऊन ती घासतो, मागची ऊब पुढे येऊ देतो आणि पिवळ्यावरून जांभळा रंग धावला की विझवतो. तुमचं टेंपरिंग ते हेच.

डायशॉप
तत्त्व तेच, मान्य. पण उन्हात बसून रंग ओळखणं आणि भट्टीवर तापमान मोजणं यात फरक आहेच. तो माणूस थकला की ती नजरही जाते. आमच्याकडे ते कागदावर उतरलेलं असतं.

घिसाड्याची लेक
घण कोण मारतं, हे दोघांपैकी कुणीच लिहिलं नाही. आम्ही घिसाडी, फिरते लोहार. आमच्यात सांडशी बापाच्या हातात आणि घण आईच्या. भात्याला आम्ही पोरं. आईचा खांदा आता वर जात नाही. लोहारकी टिकावी असं मलाही वाटतं, पण अशी नको. आम्हाला पॉवर हॅमर, विजेवर चालणारा घण, पाहिजे. केंद्राच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत लोहार आहे. औजारांना १५,००० रुपये मिळतात, त्यात हॅमर येत नाही. ५ टक्क्यांनी पहिलं कर्ज १ लाखापर्यंत मिळतं, पण पालावर, तंबूत राहणाऱ्यांनी हॅमर ठेवायचा कुठे? वीजमीटर कुणाच्या नावावर?

डायशॉप
हॅमरला काँक्रीटचा पक्का पाया लागतो, पालावर तो बसणारच नाही. ताई, तुमचा जागेचा मुद्दा बरोबर. माझं म्हणणं मात्र कायम आहे: हार्डनेस तपासल्याशिवाय कोयता विकू नये.

शिवारकर
मग तपासणीचं यंत्र तालुक्याच्या आयटीआयने लोहारांना वापरू द्यावं. आणि ग्रामपंचायतीने गावठाणात एक शेड आणि मीटर द्यावा. गावाचे फाळ शेवटून देणाऱ्याला एवढी जागा मागायचा हक्क आहे.

घिसाड्याची लेक
शेड बारमाही मिळाली पाहिजे. पेरणी झाली की उठा म्हणतात.