नवीन विमान घेऊ की जुनं सेसना १७२? (डॅलस)

फलटणकर_डॅलस:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलट लायसन्स मिळालं, आत्तापर्यंत १४० तास झालेत, सगळे फ्लाइंग क्लबच्या भाड्याच्या सेसना १७२ वर, म्हणजे चार सीटांच्या छोट्या विमानावर. पण शनिवार-रविवारी विमान मिळतच नाही, आणि मिळालं तरी मुक्कामाला नेलं की न उडवलेल्या तासांचेही पैसे लावतात. बहीण ऑस्टिनला, मेहुणे ह्यूस्टनला, मुलं ९ आणि ६ वर्षांची, त्यामुळे स्वतःचं असावं असं फार वाटायला लागलंय.

बायकोचं म्हणणं, घ्यायचंच तर कोरं घे, मुलं बसणार आहेत त्यात. पण नवीन १७२एस (१७२ चंच आत्ताचं मॉडेल) चार लाख डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे मोठं कर्ज. दुसरीकडे एक १९७८ चं १७२एन बघितलंय, १ लाख ५ हजार सांगतोय, जन्मापासून फक्त २९०० तास उडालेलं, इंजिनचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) २००१ मध्ये झालं आणि त्यानंतर फक्त ६०० तास. कागदावर मला तरी फार छान वाटतंय. एच१बी वर्क व्हिसावर आहे, ग्रीन कार्ड लाइनीत. काय करू?

ओहायोचा_वैमानिक:
दादा, तुम्हाला ज्या आकड्याचा आनंद झालाय ना, मला नेमकी त्याचीच भीती वाटते. २००१ पासून ६०० तास म्हणजे वर्षाला २५ तास पण नाहीत. घोडा का अडला, भाकरी का करपली, तेच उत्तर, न फिरवल्यामुळे. यात जे लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं, त्यात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज धरतो. कंपनीच सांगते की ओव्हरहॉल २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. खाजगी वापराला ती कायद्याने सक्ती नाही म्हणून विकणारा फक्त तास सांगतो, वर्षं सांगत नाही.

माझ्यावर हेच बेतलं होतं. १९७५ चं १७२एम घेतलं, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन (दाब किती टिकतो ते) ७४-७५ आलं ८० पैकी, मी खूश. चाळीस तासांनी ऑइल फिल्टर कापून उघडला तर कागदाच्या घड्यांत बारीक चकाकणारा कीस, चुंबकाला चिकटणारा. एक सिलिंडर काढून बघितलं तर कॅमचे उंचवटे झिजलेले आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर खड्डे. कम्प्रेशन टेस्टमध्ये हे दिसतच नाही हो! ३४ हजार डॉलर गेले आणि पाच महिने विमान इंजिनाशिवाय हँगरमध्ये, रोज ऑफिसला जाताना तो विमानतळ रस्त्यात लागायचा.

त्यात तुमचं १७२एन. १९७७ ते ८० च्या एन मॉडेलमध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन आहे, आणि ते याच कॅम-टॅपेटच्या त्रासासाठी प्रसिद्ध आहे. नीट ठेवलेली, नियमित उडणारी पुष्कळ आहेत, इंजिन वाईट असं म्हणत नाही मी. पण उभं राहिलेलं एच२एडी मी तरी घेणार नाही. मला विचाराल तर ९००० तास उडालेलं, दर आठवड्याला हवेत जाणारं विमान परवडलं.

प्री-बाय म्हणजे घेण्याआधीची तपासणी करताना विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक नको, तुमचा माणूस न्या. सगळी लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचा, एखादं हरवलंय म्हणाला तर किंमत त्याच हिशोबाने धरा. विमान गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) किनाऱ्यावर किती वर्षं होतं तेही विचारा, खारी हवा ॲल्युमिनियम खाते.

एडिसनची_सई:
विमानाआधी एक महत्त्वाचं. एच१बी वर तुमच्या नावाने रजिस्ट्रेशन होणारच नाही. एफएए, म्हणजे इथलं विमान वाहतूक खातं, स्वतःच्या नावावर फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना देते. भागीदारीत घेतलं तरी प्रत्येक भागीदार त्यात बसायला हवा. मार्ग आहे, ट्रस्ट करायचा, ट्रस्टी अमेरिकन नागरिक, विमान त्याच्या नावावर आणि वापर तुमचा, पण त्याची दरवर्षी फी असते आणि कर्ज, इन्शुरन्स दोन्हीकडे जास्तीची कागदपत्रं. आम्ही असंच केलं, जमलं. आणि पैसे देण्याआधी एफएएच्या ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून टायटल सर्च करा, जुन्या मालकाच्या बँकेचा बोजा विमानावर तसाच असू शकतो.

सॅन_होजे_साठे:
वहिनींच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचा मुद्दा कोणी घेतलाच नाही. १९८६ ला सेसनाने १७२ बंद केलं, १९९६ ला परत सुरू केलं, आणि त्या मधल्या दहा वर्षांत विमान बरंच बदललं. इंधन इंजेक्शन आलं, जास्त मजबूत सीटा आल्या, आतून गंजरोधक प्रायमर आला, नंतरच्या काहींत तर सीटबेल्टमध्येच एअरबॅग. १९७८ च्या विमानात मागच्या सीटला खांद्याचा पट्टा असेलच असं नाही, बऱ्याचदा नुसता कमरेचा असतो, आणि मागे बसणार तुमची मुलं! किट मिळतं, बसवता येतं, पण आधी वाकून बघा तरी.

म्हणून माझं मत, कोरंही नको आणि ७८ चंही नको, २००० च्या आसपासचं १७२एस बघा. एनपेक्षा २० हॉर्सपॉवर जास्त, टेक्सासच्या ऑगस्टमध्ये चार जण बसवून टेकऑफ करताना कळेल ते. किंमत एनपेक्षा बरीच जास्त पडेल, मग एक भागीदार घ्या. वर्षाला १०० तासांच्या आत उडणार असाल तर एकट्याने कुठलंच विमान परवडत नाही. हँगर, इन्शुरन्स आणि दरवर्षीचं ॲन्युअल (विमानाची वार्षिक तपासणी) हे तुम्ही उडा नाहीतर घरी बसा, द्यावंच लागतं.

ओहायोचा_वैमानिक:
साठे, मागच्या पट्ट्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही, बरं झालं सांगितलंत. आणि दादा, डॅलसला गारपीट होते, हँगरची वेटिंग लिस्ट आजच लावा, विमान नंतर. उघड्यावर बांधून ठेवलेल्या पंखांवर एका संध्याकाळी काय होतं ते मी तुमच्याच भागात बघितलंय, लिंबाएवढे खळगे.

फलटणकर_डॅलस:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लॉगबुकांचे फोटो मागवले. २०१९ च्या ॲन्युअलपासून २०२१ च्या ॲन्युअलपर्यंत इंजिनाचे तास मोजणारा टॅकोमीटर फक्त ३ तास पुढे गेलाय. मालक भला माणूस आहे, त्याने लपवलं नाही, वडील आजारी होते म्हणाला. मी विचारलं एक सिलिंडर काढून कॅम बघू देता का, खर्च माझा, तर नको म्हणाला. मग मीही नको म्हणालो.

मागच्या सीटला खांद्याचे पट्टे नाहीत, तेही फोटोत दिसलं. बायकोला दाखवलं. ती आता स्वतःच २००० नंतरची १७२एस शोधत बसलीये. हँगरच्या यादीत ४१ वा नंबर लागलाय. सईताई, ट्रस्टचं तुमचं काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मेसेज करता का?