मोटरसायकलवर नेण्यासाठी तंबू : एकट्यापुरता की दोघांचा?

मागचं_चाक :
एकट्याने फिरण्यासाठी तंबू घ्यायचाय. मागच्या सीटवर आडवी बॅग आहे, आतून ५० सेंमी. दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा. माझी उंची ६ फूट. दोन तंबूंवर गाडी अडलीय: एकट्यापुरता, बोगद्यासारखा, १.६ किलो, घडी ४२ सेंमी. किंवा दोघांचा, घुमटाकार, २.९ किलो, पण घडी ५८ सेंमी, म्हणजे बॅगेत मावत नाही. पाऊसही लागू शकतो. कुठला घ्यावा?

खुंटीबहाद्दर :
दोघांचा घ्या. पाठीवर थोडाच वाहायचाय! गादीच ५० ते ६५ सेंमी रुंद असते. तंबू आतून १३० सेंमी असेल तर शेजारच्या पट्ट्यात हेल्मेट, जॅकेट, टँकबॅग बसते. एकट्याच्या तंबूत ओलं जॅकेट उशाशी येतं. बूट आणि सॅडलबॅगा पडवीत (दारापुढच्या झाकलेल्या जागेत), म्हणून पडवी ६०-७० सेंमी खोल आहे का ते बघा.

लांबी आतून २१५ सेंमी तरी हवी. भिंती तिरक्या असतात; कमी पडली की स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक कापडाला टेकतं आणि सकाळी ओलं मिळतं. मग ‘तंबू गळतो’ अशी बोंब. बरेचदा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. वरची झडप पावसातही उघडी ठेवायची.

शिवाय बोगदा खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही. कातळावर किंवा सिमेंटवर काय करणार? घुमट उभा राहतो, पण वाऱ्यात त्यालाही खुंट्या नाहीतर दगड हवेतच.

सायलेन्सर_जपा :
५८ सेंमी ही लांबी कापडाची नाही, पोलच्या तुकड्यांची. पोल वेगळे काढा, जाड कापडात गुंडाळून बॅगेबाहेर पट्ट्याने आवळा. कापड दाबून बॅगेत कुठेही बसतं. पोल कापडातच गुंडाळले तर हादऱ्यांनी त्यांची टोकं घासून भोकं पडतात. सायलेन्सरपासून सगळं लांब ठेवा, नायलॉन वितळतं.

वजनाचं म्हणाल तर किती यापेक्षा कुठे हे महत्त्वाचं. मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबकळणारे ३ किलोही वळणावर जाणवतात. सीटवर, पाठीला टेकून ठेवा. रबरी दोऱ्या नकोत, बकलचे पट्टे घ्या.

पोल ॲल्युमिनियमचेच बघा, फायबरग्लास उभा चिरतो. जोडताना प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. अर्धवट बसलेला सांधाच वाकवताना फुटतो. कापडाच्या नळीतून पोल काढताना ओढायचा नाही, ढकलायचा. घडी मधल्या सांध्यापासून, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो. आणि दुरुस्तीची छोटी नळी सोबत ठेवाच: तडा गेलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप मारला की सहल निभते.

ओलंचिंब :
पावसाचं कोणीच नीट बोललं नाही. वरच्या कापडाला १५०० मिमी पुरे (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड रोखतं). तळाला ३००० किंवा जास्त, कारण गुडघ्याच्या दाबाने पाणी वर येतं. शिवणींवर आतून टेप आहे का ते बोट फिरवून बघा. बाहेरचं कापड आधी उभारता येणारा तंबू मिळाला तर सोनं, आतलं कोरडं राहतं. तळाखालची ताडपत्री तंबूपेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी लहान हवी. बाहेर डोकावली की छपरावरचं पाणी झेलून थेट तुमच्या खाली आणते.

ओला गुंडाळावा लागला तर बाहेरचं कापड वेगळ्या पिशवीत, आणि घरी पोचल्या पोचल्या वाळत घाला. तसाच पडला तर कापडावरचा पाणी रोखणारा पीयू (पॉलियुरेथेन) लेप कुजतो, चिकट होतो, आंबूस वास सुटतो. मग काही इलाज नाही.

मागचं_चाक :
मग दोघांचाच. खुंटी रुतत नसेल तर दोरी गाडीला बांधली तर चालेल का?

खुंटीबहाद्दर :
नको. साइड स्टँड मऊ जमिनीत खचला की गाडी कलते. जाड पत्र्याचा तुकडा स्टँडखाली ठेवा, आणि गाडी आडवी झाली तरी तंबूपर्यंत पोचणार नाही इतक्या अंतरावर लावा. दोरीसाठी मोठा दगड, नाहीतर पिशवीत माती भरून तिला बांधा.