हेडचे बोल्ट "सहा"वर टाईट करायचे म्हणजे किती?

कुळागर_८००:
नमस्कार मंडळी. गाडी जुनी मारुती ८००, बाबांची, विकायला मन होत नाही. बेळगावला जाताना चोर्ला घाट चढताना गरम झाली आणि हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) पॅकिंग गेलं. हेड उतरवून म्हापशाला फेसिंग (घासून सपाट) करून आणलंय, आता चतुर्थीच्या आधी मी स्वतःच बसवणार. ओळखीच्या मेस्तला (मेकॅनिकला) विचारलं किती टाईट करू, तर म्हणाला "सहा". माझ्या टॉर्क पान्यावर (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) सहा नाहीच, सुरुवातच २८ पासून. मग म्हणे हाताच्या अंदाजाने कर. आणि बोल्टांना ऑइल लावायचं की नाही यावर घरात दोन पक्ष झालेत, भाऊ म्हणतो लाव, यूट्यूब म्हणतं नको.

सांजवेळ:
सहा म्हणजे सहा किलोग्राम-मीटर रे, जुने लोक तसंच बोलतात. तुझा पाना न्यूटन मीटरचा. ६ गुणिले ९.८, म्हणजे ५९ च्या आसपास. पण तोंडी आकड्यावर जाऊ नको, तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घे.

टिपर_डिचोली:
वर बरोबर सांगितलंय, पण आकडा ही शेवटची गोष्ट. आधी बोल्टाची भोकं बघ. हेड काढताना पाणी आणि ऑइल त्यात उतरतं, ते तसंच ठेवून बोल्ट आवळला तर खाली अडकलेल्या पाण्याला जायला जागाच नसते, पाना आकडा गाठल्यासारखा "कट्ट" वाजतो, तुला वाटतं झालं टाईट, पण हेड दबलेलंच नसतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकला चीर. मी खाणीच्या टिपरवर हे बघितलंय. सिरिंजने ओढून काढ, हवा मार, डोळ्यावर चष्मा घालून. आटे वायर ब्रशने साफ कर, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज कसा धरतो ते सांगायला नको. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे.
ऑइलचं म्हणशील तर तुम्ही लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला दहा-पंधरा टक्केच उरतो. म्हणून सुका आणि ऑइलवाला बोल्ट एकाच आकड्यावर वेगवेगळे आवळले जातात. मॅन्युअल ऑइल म्हणत असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली थेंबभर, नाहीतर सुकं. भाऊ काय म्हणतो ते सोड.
मधल्यापासून सुरू कर, आडवे-तिरके बाहेर जा, तीन फेऱ्यांत, म्हणजे ३०, ४५ आणि मग शेवटचा. एकदम एका बाजूने आवळलंस तर फेसिंगचे पैसे फुकट. पाना सावकाश, एका दमात ओढ, एक कट्ट झालं की थांब, दुसऱ्यांदा "खात्रीला" नको.

बाबुश_७१:
आमचे मेस्त पस्तीस वर्षं हातानेच आवळतात, टॉर्क पाना बघितलेला नाही, एक गाडी परत आली नाही.

टिपर_डिचोली:
बाब, तुमच्या मेस्तच्या हातात पस्तीस वर्षं आहेत, ह्याच्या हातात यूट्यूब आहे. शिवाय नवीन गाड्यांत टॉर्क देऊन वर ९० डिग्री फिरवायचं असतं, तिथे अंदाज कसा चालणार, आणि ते बोल्ट ताणले जातात म्हणून परत वापरत नाहीत. आणि हो, वरच्या कव्हरच्या छोट्या बोल्टांना हा मोठा पाना लावू नको रे, दहा नंबरची गोटी (सॉकेट) लागणाऱ्यांना ८-१० न्यूटन मीटरच पुरे.

कुळागर_८००:
झालं! दोन भोकांत खरंच पाणी होतं, सिरिंज भरून निघालं. बोल्टपैकी एकाचे आटे मध्येच बारीक झालेले दिसले म्हणून सगळेच नवीन घेतले. आकडा मॅन्युअलमधला, तीन फेऱ्या, स्टार्ट केली, एक थेंब नाही.
फक्त कव्हर बसवायला मी चहा घेत असताना भावाने हात घातला, हाताच्या अंदाजाने, फुल्ल टाईट. दहा नंबरचा बोल्ट डोक्याखाली तुटून आत राहिलाय. फोंड्याला तुटलेला बोल्ट काढून देणारं कोण आहे का?