सोव्हिएत संघाचे १५ देश 'एका रात्रीत' झाले म्हणे!

स्पर्धामित्र (मूळ पोस्ट): २६ डिसेंबर १९९१. सोव्हिएत संघ फुटला आणि एका रात्रीत १५ नवे देश, १५ राजधान्या! कझाकस्तान – अल्मा-आता, किरगिझस्तान – बिश्केक, उझबेकिस्तान – ताश्कंद... पूर्ण यादी कार्डवर. प्रत्येकाने आपापली चूल मांडली, विषय संपला. स्पर्धा परीक्षेत एक मार्क पक्का.

तिरकस_भूगोल: अहो, मार्क पक्का करताय की घालवताय? लिथुआनियाने ११ मार्च १९९० लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांना खुद्द मॉस्कोने ६ सप्टेंबर १९९१ ला मान्यता दिली आणि १७ तारखेला ते संयुक्त राष्ट्रांत जाऊन बसले. शिवाय ते स्वतःला नवे म्हणवतच नाहीत. १९४० मध्ये हिसकावलेलं परत मिळालं, असा त्यांचा दावा, आणि अमेरिकेनेही ते विलीनीकरण कधीच मान्य केलं नव्हतं. सगळ्यात शेवटी कझाकस्तान, १६ डिसेंबर. २१ ला अल्मा-आतात संघ संपल्याच्या जाहीरनाम्यावर ११ प्रजासत्ताकांनी सह्या केल्या, मग २६ तारखेला उरलं काय? सोव्हिएत संसदेच्या वरच्या सभागृहाचा एक ठराव.

आणि अल्मा-आता? राजधानी १० डिसेंबर १९९७ ला अक्मोलाला हलली. १९९८ मध्ये तिचं अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. तुमचं कार्ड नक्की कुठल्या सालच्या गाईडातून उतरवलंय?

स्पर्धामित्र: सर, पेपरात चार पर्याय असतात, प्रबंध नसतो. मुलांना साधं-सोपं द्यावं लागतं. एवढा कीस पाडला तर ती पुस्तकच मिटतील.

चौकटराजा: चार पर्यायांत अल्मा-आता आणि अस्ताना दोन्ही असले की मग? आणि हो, मुळात राजधानी हलवायची गरज काय होती? एका नेत्याच्या, नूरसुलतान नझरबायेवांच्या, हौसेपायी गवताळ माळावर काचेचे मनोरे, नंतर त्याचंच नाव शहराला. पैसा कोणाचा, तर तेलाचा.

तिरकस_भूगोल: निव्वळ हौस म्हणता येणार नाही. अल्माटी, म्हणजे जुनं अल्मा-आता, भूकंपाच्या पट्ट्यात आहे, १८८७ आणि १९११ चे धक्के तिथे कोणी विसरलेलं नाही. चीनची सीमा जवळ, वाढायला जागा नाही. आणि उत्तरेत रशियन वस्ती दाट, तिथे आपलं सरकार दिसलं पाहिजे, हा हिशेब सगळ्यात मोठा. नावाचा अट्टहास मात्र हास्यास्पद, तेवढं तुमचं बरोबर.

कालवा_निरीक्षक: राजधान्यांवर काय भांडताय? "आपापली चूल मांडली" हे वाक्य कोणालाच खटकलं नाही? चुलीत जाळायचं काय, त्यावरूनच तर तीस वर्षं तंटा आहे.

किरगिझस्तानात नारिन नदीवर टोक्तोगुल धरण आहे. साठा १९.५ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ६८९ टीएमसी. आपल्या कोयनेच्या साडेसहा पट. मॉस्कोने ते बांधलं खालच्या उझबेक-कझाक कापसासाठी. पाणी हिवाळ्यात अडवायचं, उन्हाळ्यात सोडायचं, आणि बदल्यात किरगिझांना थंडीत खालून कोळसा, गॅस, भट्टीतेल. १९९१ नंतर इंधनाला बाजारभाव लागला. किरगिझांनी मग हिवाळ्यातच टर्बाइन फिरवायला सुरुवात केली, ३०० मेगावॉटची चार. पाणी थंडीत सुटलं, तर खाली, नारिन पुढे जिला मिळते त्या सिर दर्या नदीच्या पात्रात बर्फ, वहनक्षमता घटलेली. कझाकस्तानातलं चारदारा धरण भरलं की जास्तीचं पाणी उझबेकिस्तानातल्या अर्नासायच्या खळग्यात सोडायचं. उन्हाळ्यात शेतं कोरडी ती कोरडीच.

चौकटराजा: म्हणजे वरच्याने खालच्याला वेठीला धरलं. उजनीचं राजकारण पाहिलेल्यांना नवीन नाही.

डोंगरवाट: हे एकतर्फी होतंय. उझबेक गॅस रोकडीवर आणि थकबाकी राहिली की ऐन थंडीत बंद! बिश्केकच्या घरांनी काय गोठून मरायचं होतं? धरण सांभाळायचा खर्च किरगिझांचा, पाणी मात्र खालच्यांना फुकट. १९९८ मध्ये करार झाला, तोही नीट टिकला नाही. पाऊसपाणी चांगलं झालं की खालच्यांना उन्हाळी पाण्याची गरज कमी, मग इंधन पाठवायला हात आखडता, मग वरून हिवाळ्यात जास्त पाणी.

कालवा_निरीक्षक: दोष कोणाला दिला नाही, रचनेतली खोट सांगितली. पण "फुकट" हा मुद्दा मान्य, नाइलाजाने. शेवटी कझाकांनी खाली कोकसराय हा तात्पुरत्या साठ्याचा जलाशय बांधला, ३ अब्ज घनमीटरचा. हिवाळी पूर अडवायला एक अख्खी कोयना!

तिरकस_भूगोल: विजेचंही तेच, सोव्हिएत काळातलं जाळं सामाईक. २५ जानेवारी २०२२ ला कझाकस्तानच्या उत्तर-दक्षिण ५०० केव्ही वाहिनीवर भार वाढला, आणि अल्माटी, ताश्कंद, बिश्केक एकाच दिवशी अंधारात. बाल्टिकवाल्यांचं तर ऐका, युरोपीय संघात गेले २००४ मध्ये, पण त्यांच्या विजेच्या जाळ्याची वारंवारता (फ्रिक्वेन्सी) मॉस्कोहूनच सांभाळली जात होती. ८ फेब्रुवारी २०२५ ला ते तुटले, एक दिवस तिघांनीच आपलं जाळं चालवलं, दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपला जोडले गेले.

डोंगरवाट: आणि बिश्केकच्या विमानतळाचा कोड सोव्हिएत संघ गेल्यावरही कित्येक वर्षं एफआरयूच होता, जुन्या फ्रुंझेचा, म्हणजे बिश्केकच्या सोव्हिएत काळातल्या नावाचा. तिथे मेडिकलला जाणारी लातूर-नांदेडची मुलं तिकिटावर तो बघून घाबरायची. बॅग मात्र बरोबरच जायची.

स्पर्धामित्र: बरं, जिंकलात सगळे. "एका रात्रीत" काढलं, अस्ताना केलं, बाल्टिक तिघांना वेगळा रंग दिला. पण धरणबिरण टाकणार नाही. मुलं पास व्हायला येतात, पाटबंधारे खात्यात भरती व्हायला नाही.

कालवा_निरीक्षक: खात्याचीही परीक्षाच असते, साहेब. त्या मुलांसाठी वेगळं कार्ड काढा, आकडे मी देतो.