ट्युनिशियाची लोकशाही कुणी बुडवली?

चौकस
अरब देशांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "त्यांना लोकशाही पचत नाही, दंडुकाच लागतो." मला हे पटत नाही. ट्युनिशिया बघा. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझिदसारख्या आडगावात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने माल जप्त झाल्यावर स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जानेवारी २०११ ला, २३ वर्षं सत्तेवर असलेला बेन अली सौदीला पळाला. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये शुक्री बलैद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या. तिकडे इजिप्तमध्ये लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मुर्सी यांना हटवलं होतं. आता ट्युनिशियाचा नंबर, असंच वाटत होतं. तेव्हा १९४६ पासूनची कामगार संघटना, कारखानदारांची संघटना, वकील आणि मानवाधिकारवाले अशा चौघांनी सगळ्या पक्षांना वाटाघाटींना बसवलं. (कामगार पुढारी आणि मालक एका बाजूला. आपल्याकडे कधी पाहिलंय?) इस्लामी नहदा पक्षाने सरकार सोडलं, २०१४ च्या जानेवारीत राज्यघटना झाली, २०१५ चं शांततेचं नोबेल या चौघांना मिळालं.

मग आले कैस सईद, घटनेचे प्राध्यापक. २०१९ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२१ ला त्यांनी संसदच गोठवली. दारात लष्कराची गाडी उभी. पुढच्या वर्षी नवी घटनाही आणली. लोकशाही लोकांनी नाही, या एका माणसाने बुडवली.

रोखठोक
एका माणसाने? मग त्या रात्री संचारबंदी मोडून हॉर्न वाजवत रस्त्यावर नाचत होते ते कोण? करोनाने इस्पितळं कोसळली होती, दहा वर्षांत दहाच्या आसपास सरकारं येऊन गेली होती आणि संसदेत एका महिला खासदाराला सभागृहातच मारहाण झाली होती. २०१७ मध्ये याच निवडून आलेल्या मंडळींनी बेन अलीच्या काळातल्या भ्रष्ट अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा केला. ज्यांच्याविरुद्ध क्रांती झाली त्यांनाच!

आणि घटनेचं कौतुक जरा बेताने करा. घटनेचा अर्थ लावणारं घटना न्यायालय वर्षभरात स्थापायचं होतं. संसदेने निवडायचे सदस्य चार. २०१८ मध्ये एक निवडला, पुढे एकही नाही. दोन तृतीयांश मतं कुणाकडेच नव्हती आणि प्रत्येकाला आपला माणूस हवा होता. सईदनी घटनेतल्या कलम ८० चा, म्हणजे अध्यक्षाच्या आणीबाणीच्या अधिकारांचा, हवा तसा अर्थ लावला तेव्हा "आउट" म्हणायला पंचच नव्हता.

चौकस
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०२१ मध्ये संसदेने ती बहुमताची अट सैल करणारी दुरुस्ती केली. तिच्यावर सही कुणी केली नाही? सईदनीच. म्हणे मुदत टळून गेली. हे एप्रिलमध्ये, जुलैमध्ये संसद बंद.

मुक्काम दोहा
आखातात नोकरी करतो म्हणून लिहितो. इकडच्या राजेशाह्या २०११ च्या अरब उठावांतून तरल्या याचं कौतुक आम्ही भारतीय फार करतो. पगार वेळेवर येतो ना. पण सौदीने त्या वर्षी लोकांसाठी घरं, भत्ते, नोकऱ्या यांवर अब्जावधी डॉलर जाहीर केले. बहारीनकडे तेवढं तेल नाही, तिथे सौदी फौज बोलवावी लागली. ट्युनिशियाकडे यातलं काहीच नव्हतं.

रानजाई
तुमचं सगळं भांडण राजधानीतलं आहे. देशाच्या आतल्या भागात, खाणींच्या गफ्साला जा. फॉस्फेट तिथे निघतं, पैसा किनाऱ्यावर जातो. २००८ मध्ये, म्हणजे बुअझीझीच्या आधी, खाणीतल्या नोकरभरतीतल्या वशिल्यावरून तिथल्या रदेयेफ गावात महिनोन्‌महिने आंदोलन पेटलं होतं. क्रांतीनंतर बेकार पोरं रुळांवर बसली, उत्पादन निम्म्यावर आलं. सरकारांनी काय केलं? 'पर्यावरण कंपन्या' काढून हजारोंना कामाशिवाय पगार दिले. (भारताशीही संबंध आहे: तिथलं फॉस्फरिक आम्ल आपण खतासाठी घेतो, स्खिराच्या कारखान्यात भारतीय खत कंपन्या भागीदार आहेत.) बेन अली, नहदा, सईद, कुणीही असो, या गावांचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. नाणेनिधीचं कर्ज सईदनी २०२३ मध्ये 'हुकूम ऐकणार नाही' म्हणत झिडकारलं. टाळ्या मिळाल्या. नोकऱ्या कुठून येणार होत्या?

रोखठोक
म्हणूनच म्हणतो, लोकांनी लोकशाहीवर पाणी सोडलं. नहदाचे घन्नूशी एप्रिल २०२३ मध्ये तुरुंगात गेले, देश ढिम्म.

चौकस
सईदनी काढलेल्या आदेश ५४ खाली 'खोटी बातमी' लिहिली तर पाच वर्षं आत. ५७ न्यायाधीश एका फटक्यात घरी. अशा देशात गप्प बसण्याला होकार म्हणायचं? डिसेंबर २०२२ च्या संसद निवडणुकीत मतदान झालं ११ टक्क्यांच्या आसपास. तुमचे नाचणारे तेव्हा कुठे होते?

रानजाई
गप्पही नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये किनाऱ्यावरच्या गाबेस शहरात हजारो लोक रस्त्यावर आले. फॉस्फेटवर प्रक्रिया करणाऱ्या सरकारी कारखान्याच्या वायूने शाळेतली मुलं गुदमरली होती. मागणी 'संसद परत द्या' अशी नव्हती, कारखाना हलवा अशी होती. तेच आश्वासन २०१७ मध्ये निवडून आलेल्या सरकारने दिलं होतं.