मदत हवी आहे: फिल्डवर्कच्या मुलांना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. वस्तीत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नऊ वर्षं आहे. यंदा एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाच्या दोघी आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्कला येतात आणि एजन्सी सुपरवायझर, म्हणजे संस्थेतर्फे त्यांना मार्गदर्शन करणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव लागलंय. कॉलेजकडून मिळालं काय, तर एक पत्र आणि हजेरीचा तक्ता. मुंबईत १९३६ पासून समाजकार्य शिकवतात म्हणे, मग सुपरवायझरला कोण शिकवतं?

गृहभेटी मी झोपेतही करीन, पण शिकवणं वेगळं. परवा एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, वाचलं, ‘बाईंना समुपदेशन केले.’ बस्स! बाई काय म्हणाल्या, ही काय बोलली, मध्येच नवरा दारात येऊन उभा राहिला तेव्हा हिच्या मनात काय आलं, काही नाही. आणि मी काय केलं? लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वही परत दिली. नंतर माझी मलाच लाज वाटली.

आठवड्याची आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे एकेकीशी वेगळी बसून चर्चा) तुम्ही कशी घेता? मुलं गप्प बसली तर कुठून सुरुवात करता? रेकॉर्डिंगवर शेरे कसे लिहिता? जमल्यास नाव झाकून एखादा नमुना टाका. आणि नवख्या सुपरवायझरांसाठी पुण्याच्या आसपास कुठे कार्यशाळा होत असेल तर नक्की कळवा, रविवारीही येईन.